हात धरून वार थांबतो का?



मध्यंतरी पोलादपूरकडे भातखाचरं पाहायला गेलो होतो. तिथं बांधावरून दोन घरांत तेढ. एक तरणा गडी म्हणाला, "साहेब, त्यानं कोयती उगारली तर मनगटच धरतो. मोबाईलवर डाव पाहिलाय."

मी म्हटलं, बाबा रे, कुस्तीत मनगट धरता येतं, कारण समोरचा पैलवान पकड घ्यायला हात पुढं करतो आणि तो हात तिथंच राहतो. वार करणारा हात थांबत नाही. आला तसा मागं जातो. तो धरायला जावं, तर आपलीच बोटं पात्यावर येतात.

आपल्या डोक्यावर प्रतापगड उभा आहे. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट आठवा. सभासद बखर सांगते, खानानं आलिंगन देताना महाराजांची मान काखेत दाबली आणि वार केला. त्या वाराला आड आलं ते अंगातलं चिलखत. मग बिचवा, वाघनखं चालली. ऐन वेळी खानाचा हात धरू, या भरवशावर महाराज गेले नव्हते. तयारी आधीच केलेली होती.

बांधाच्या भांडणात आपली तयारी कोणती? भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज वेळेवर द्या. तरीही समोर कोयती दिसली, तर मागं सरा, हाका मारा, माणसं गोळा करा. तालीम जरूर करा. अंगात बळ येतं. पण हातभर बांधापायी हाताचा पंजा गेला, तर लावणी कोण करणार?