ऊन बघायला लिस्बनला?

दिवाळीला घरी, म्हणजे दारव्ह्याला गेलो होतो. (दारव्हा कुठे आलं, असं विचारणाऱ्यांसाठी: यवतमाळ जिल्ह्यात. यवतमाळ कुठे आलं, असं विचारणाऱ्यांसाठी: त्याच्याकडे येतोच आहे.) दुपारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. समोर एक्सेल उघडलेलं, फाईलचं नाव 'लिस्बन_फायनल_३'. एप्रिलमधले चार दिवस, सत्तावीस ओळी, प्रत्येक ओळीला वेळ, तिकीट, मेट्रोचं स्टेशन आणि 'फोटो कुठून घ्यायचा' असा वेगळा कॉलम. प्रोजेक्टचा प्लॅनसुद्धा मी इतक्या निगुतीने कधी केलेला नाही.

बाबा मागे येऊन उभे राहिले.

"काय हाय रे हे?"

"लिस्बन, बाबा. पोर्तुगालची राजधानी. फिरायला चाललोय."

"काय हाय तिथं पाहाले?"

आता ऐन वेळी माणूस काय बोलतो बघा. डोक्यात सगळे ट्रॅव्हल व्हिडिओ घोळत होते, त्यामुळे तोंडातून निघालं, "ऊन मस्त असतं तिथं. वर्षाला २८०० तास."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मे महिन्यात ४५ अंशात आमच्या यवतमाळात डांबर पायाला चिकटतं. "बाप्पा! म्हंजे तू ऊन पाहाले पैसे देऊन रायला?"

ह्यावर उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या दुपारपासून दोन गोष्टी डोक्यात भणभणतायत, त्या एकदाच्या लिहून टाकतो. दोन्हीत कुणाला तरी शिव्या आहेत. दुसरीत मला आहेत.

पहिली शिवी 'आधी आपला देश बघा' म्हणणाऱ्यांना. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. परदेशाचं तिकीट काढलंत की कुणीतरी मामा, आत्या किंवा व्हॉट्सॲपवरचे शेजारी हे वाक्य घेऊन हजर होतात. मी नेहमी एकच उलटा प्रश्न विचारतो: तुम्ही यवतमाळ पाहिलंय का? कळंबला जमिनीखाली उतरून चिंतामणीचं दर्शन घ्यावं लागतं, गेलात कधी? पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात पाहिलात? टिपेश्वर? गप्प. कारण 'आपला देश' म्हणजे त्यांना मनाली आणि केरळ अभिप्रेत असतं. ज्यांना देश बघायचा असतो ते उठून बघायला जातात, दुसऱ्याच्या सुट्टीवर पहारा देत बसत नाहीत.

आणि टिपेश्वरवरून आठवलं. २०१९ साली तिथला एक तरुण वाघ घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. यवतमाळातून तेलंगणात, परत महाराष्ट्रात, शेतं, नाले, हायवे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. त्याला कुणी अडवून म्हटलं नाही, की बाबा रे, आधी टिपेश्वरचे १४८ चौरस किलोमीटर नीट बघून घे, मग बुलढाण्याचं बघू. वाघाला जे कळतं ते आमच्या मामाला कळत नाही.

इथपर्यंत मी जिंकत होतो. मग काका आले.

काका शेती करतात. सहा एकर, सगळी कोरडवाहू, बहुतेक कापूस. त्यांनी देशप्रेमाचं काही काढलं नाही. सरळ विचारलं, "किती लागतेत रे?"

आणि मी खोटं बोललो. "कंपनीकडून आहे, काका." कंपनीचा ह्यात एक रुपया नाही.

तुमच्यापैकी किती जण हे खोटं बोलतात? मी ओळखीच्या आठ-दहा जणांना विचारलं, सगळे लहान गावांतून पुण्या-मुंबईत आलेले. जवळजवळ सगळे बोलतात. बुटांची किंमत निम्मी सांगतात, घरभाडं तीनातला एक हिस्सा, आणि परदेशाची ट्रिप कायम 'कंपनीकडून' असते.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. विमान, चार रात्री राहणं, ९० युरोंची व्हिसा फी, किमान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा, लिस्बन महापालिकेचा दर रात्री डोई ४ युरोंचा पर्यटक कर, खाणंपिणं. बेरीज एक लाख बासष्ट हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे माझे लिस्बनचे चार दिवस बरोबर वीस क्विंटल कापूस. आमच्या रानात एकरी चार-पाच क्विंटल झाला तर काका वर्ष चांगलं गेलं म्हणतात. म्हणजे चार-पाच एकरांचं अख्खं वर्ष, तेही ओलावा बारा टक्क्यांच्या आत राहिला आणि खरेदी केंद्रावर माल नाकारला नाही तर. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा व्हायचीय.

आता तुम्ही म्हणाल, झालं, निघाला अपराधी भाव घेऊन रडायला. नाही. मी न जाण्याने कापसाचा भाव एका रुपयानेही वाढत नाही. माझी सुट्टी रद्द होणं हे शेतीचं धोरण नव्हे. यवतमाळचा म्हणून मी आयुष्यभर सुतकी चेहरा करून फिरावं, ही अपेक्षा तर फारच चीड आणते. पुण्यात नाव सांगितलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "अरे, म्हणजे ते शेतकरी आत्महत्या...?" हो, तेच. प्रश्न खरा आहे आणि भयंकर आहे. पण त्या जिल्ह्यात माणसं लग्नंही करतात, क्रिकेटवरून भांडतात आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपून विमानं मोजतात. अख्ख्या जिल्ह्याची एक बातमी करून टाकायची आणि मग त्या बातमीला लिस्बनला जायची बंदी करायची, हे कुठलं शहाणपण?

मग चूक कुठे होती? जाण्यात नव्हती, खोटं बोलण्यात होती. त्या खोट्यात मीच धरून चाललो होतो, की काकांना खरा आकडा झेपणार नाही. जो माणूस दरवर्षी पावसावर अख्खं घर लावतो, त्याला एक लाख बासष्ट हजार हा आकडा झेपणार नाही?

सकाळी सांगून टाकलं. कंपनी नाही, माझेच पैसे, इतके इतके. वीस क्विंटल हे मात्र मी बोललो नाही. काकांनीच क्षणभर थांबून तोंडी केलं, "वीस क्विंटल." मग विचारलं, "तिथं बोलतेत काय?"

"पोर्तुगीज. आपल्याकडे बरेच शब्द त्यांचेच आहेत. बटाटा, पाव, चावी, बादली, पगार..."

"पगार बी?"

"पगार बी. आणि घमेलं."

"घमेलं!" काका जाम हसले. "म्हंजे पगार तुह्या वाट्याले आला न् घमेलं माह्या." मग उठता उठता म्हणाले, "वीस क्विंटलाचं हाय तं नीट पाहून ये. घाई नको करू."

बस. इथून दुसरी शिवी सुरू होते, ती मला आणि माझ्यासारख्या एक्सेलबहाद्दरांना.

'सिटी ब्रेक' हा मुळात लंडन-बर्लिनवाल्यांचा शौक. शुक्रवारी संध्याकाळी स्वस्त विमानात बसायचं, दोन-तीन तासांत उतरायचं, रविवारी परत. त्यांना व्हिसा नाही, बँकेचं स्टेटमेंट नाही. आपण तो शौक जसाच्या तसा उचलला. पण आपल्याला दुबई नाहीतर इस्तंबूलला विमान बदलून जाता-येता दोन रात्री खुर्चीत काढाव्या लागतात, आणि त्याआधी सॅलरी स्लिपा, आयकर रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग असा गठ्ठा घेऊन बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं. व्हिसाला नियमाने पंधरा दिवस, अडकला तर पंचेचाळीस. इतकं करून पोचायचं, आणि तिथे सत्तावीस ओळींवर टिकमार्क करत धावायचं? ह्याला ब्रेक म्हणत नाहीत, ह्याला डेडलाईन म्हणतात.

मी ओळी वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की एकाही ओळीत 'का' नव्हतं. जेरोनिमोस मठ, १० ते १०:४०. का? तर सगळे जातात. त्या मठाचं बांधकाम १५०१ मध्ये सुरू झालं, तेही मुख्यतः पूर्वेच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून. म्हणजे त्या दगडांत मलबारची मिरी आहे. आत वास्को द गामाची कबर आहे. तो वारला मात्र कोचीला, १५२४ मध्ये. हे ठाऊक असलेल्या आपल्या माणसाला तिथे चाळीस मिनिटं कशी पुरतील?

किंवा बायशा हा मधला भाग. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप, त्सुनामी आणि आग अशी तिन्ही संकटं एकाच दिवशी आली आणि शहर कोसळलं. त्यानंतर तो भाग सरळ रेघांच्या चौकटीत नव्याने बांधला, भिंतींच्या आत भूकंपात न मोडणारा लाकडी सांगाडा घालून. 'लेगसी सिस्टिम' पाडून पुन्हा लिहिणं म्हणजे काय, ते बघायला आपल्या धंद्यातल्या माणसाने तिथे अर्धा दिवस नुसतं फिरावं. किंवा कार्मोचा चौक: २५ एप्रिल १९७४ ला तिथल्या छावणीत पोर्तुगालची हुकूमशाही शरण आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. माझ्या एक्सेलमध्ये त्या चौकासमोर लिहिलं होतं: 'जवळ आईस्क्रीम'.

मग ओळी खोडायला घेतल्या. शेजारच्या गावाची धावती ट्रिप गेली. 'सूर्यास्ताचे तीन पॉइंट' गेले, सूर्य एकच असतो. आल्फामातली खोली रद्द केली. तिथे पर्यटकांसाठी खोल्या वाढत गेल्या आणि भाडी न परवडून जुने रहिवासी बाहेर पडले, त्यात माझी भर नको. एका साध्या वस्तीतलं लहान गेस्टहाऊस घेतलं. सत्तावीसच्या सात ओळी झाल्या.

अठ्ठावीस नंबरची ट्राम मात्र ठेवली. आणि ती बाबांमुळे ठेवली.

ट्रामचा फोटो पाहून बाबा म्हणाले, "हे तं आपली शकुंतला दिसून रायली."

शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची आमची नॅरोगेज. रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर. लिस्बनच्या ट्रामचं ९००, म्हणजे चुलत बहिणीच. शकुंतलेची लाईन इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला टाकली: मूर्तिजापूर, मग मुंबई, मग मँचेस्टर. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं, ते १९९४ पर्यंत धावलं. मग डिझेल आलं, आणि मग गाडीच थांबली. गेली कित्येक वर्षं दारव्हा-मोतीबाग स्टेशनाजवळ रुळांवर झुडपं वाढतायत. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारी ब्रॉडगेज लाईन होते आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत तिचा वर्धा-कळंब तुकडा सुरूही झाला. चांगलंच आहे. पण ती शकुंतला नव्हे.

लिस्बनवाल्यांनी १९३० च्या दशकातले ट्रामचे डबे ठेवले, आणि १९९० च्या दशकात आत नव्या मोटारी आणि नवे ब्रेक घातले. जुनं जपायचं तर असा खर्च करावा लागतो. तिथेही सगळं आलबेल नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला त्यांच्या ग्लोरिया चढाच्या दोन डब्यांना जोडणारी केबल सुटली आणि सोळा माणसं गेली. जपणं म्हणजे फोटोपुरतं रंगवणं नव्हे, हे तेही महागात शिकले.

पण बाबा हे काहीच म्हणत नव्हते. ते म्हणाले, "पयली नोकरी लागली तवा तू म्हणे, एक डाव शकुंतलेनं मूर्तिजापूरले जाऊन येऊ."

म्हणालो होतो. तेव्हा गाडी चालू होती. तिकीट काही रुपयांचं होतं, व्हिसा लागत नव्हता, एक रविवार पुरला असता. मी म्हणालो होतो, नंतर जाऊ.

तर 'आधी आपला देश बघा' म्हणणाऱ्या मामांना माझं उत्तर तयार होतं. बाबांना नव्हतं.

लिस्बनला जातोय, चार दिवस, सात ओळी, स्वतःच्या पैशाने. आणि परवा गाडी ठरवून टाकलीय: १ मार्चला, ऊन चढायच्या आत, बाबा, काका आणि मी दारव्ह्याहून मूर्तिजापूरला रस्त्याने, जिथे जिथे रूळ दिसतील तिथे थांबत. ह्या ट्रिपचं एक्सेल केलेलं नाही.

ता.क. काकांनी लिस्बनहून काही आणायला सांगितलेलं नाही. फक्त तिथे कापसाचा शर्ट केवढ्याला मिळतो, तेवढं विचारून यायला सांगितलंय. ती आठवी ओळ.