न धावलेल्या मोटारीचे मोल

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पेबल बीच येथे झालेल्या एका लिलावात मॅक्लारेन एफ-१ जातीची एक मोटार दोन कोटी चार लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. १९९५ साली तयार झालेली ही मोटार तोवर अवघी २४२ मैल, म्हणजे सुमारे ३९० किलोमीटर धावली होती. मुंबईहून कोल्हापूर गाठावयास जेवढे अंतर कापावे लागते, जवळपास तेवढेच हे अंतर. आणि ते कापावयास तिला सव्वीस वर्षे लागली! याच जातीच्या मोटारीने १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटर वेगाचा उच्चांक केला होता. त्या वेगाने हिशेब केला तर पेबल बीचच्या मोटारीचे सारे आयुष्य तासाभराच्या प्रवासात आटोपते. तरीही, किंबहुना म्हणूनच, तिला तो भाव मिळाला.

हा एखाद्या लहरी धनिकाचा विक्रम म्हणून सोडून देता आला असता. मॅक्लारेन एफ-१ च्या एकूण १०६ मोटारीच बांधल्या गेल्या. तेव्हा दुर्मिळतेचे मोल कोणीतरी मोजणारच. परंतु १९८० ते २००५ च्या दरम्यान तयार झालेल्या आणि आता ‘मॉडर्न क्लासिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी स्पोर्ट्स कार मुळात दुर्मिळ नव्हत्या. होंडा कंपनीची इंटेग्रा टाइप-आर ही मोटार अमेरिकेत नवी असताना २५ हजार डॉलरच्या आत मिळे आणि ती हजारोंनी खपली. तिचीच सुमारे १,२०० मैल धावलेली एक मोटार २०१८ मध्ये लास वेगासच्या लिलावात ६३,८०० डॉलरना गेली. कारखान्याने जी दुर्मिळता निर्माण केली नव्हती ती येथे मालकाच्या संयमाने निर्माण केली. इतरांच्या मोटारी धावून झिजल्या, गंजल्या, अपघातात गेल्या. झाकून ठेवलेली तेवढी उरली. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण इतक्या शब्दशः खरी ठरल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या भावांमागे कारणे आहेत, आणि ती सारीच गैर नाहीत. ज्या पिढीने शाळकरी वयात या मोटारींची चित्रे भिंतीवर लावली ती आज कमावत्या वयाच्या ऐन भरात आहे. हाताने गिअर बदलण्याची सोय असलेल्या मोटारी फेरारीने २०१० नंतर बंद केल्या. विद्युत मोटारींचे युग समोर दिसत आहे. जे परत होणार नाही त्याची ओढ वाटणे स्वाभाविकच होय. परंतु केवळ ओढीने भाव इतके चढत नसतात. त्यांना स्वस्त पैशाचा टेकू लागतो. २००९ पासून पुढे दशकभराहून अधिक काळ पाश्चात्त्य देशांत व्याजाचे दर शून्याच्या आसपास होते. बँकेत पैसा ठेवून काही पदरात पडेना तेव्हा तो चित्रे, मद्य, घड्याळे आणि मोटारी यांच्याकडे वळला. २०२२ पासून व्याजदर चढू लागले आणि पाठोपाठ अनेक जातींच्या मोटारींचे भाव उतरले, हा योगायोग नव्हे.

असे पूर्वीही घडले आहे. फेरारीने १९८७ मध्ये एफ-४० ही मोटार काढली. पुढच्याच वर्षी एन्झो फेरारी निवर्तले आणि सट्टेबाजांची झुंबड उडाली. जग्वारने १९८८ मध्ये एक्सजे-२२० ची घोषणा करताच प्रत्येकी ५० हजार पौंड अनामत भरण्यासाठी रांग लागली. त्या रांगेतील कित्येकांना मोटार चालवावयाची नव्हती, तर रांगेतील आपली जागा विकावयाची होती. पण ऑक्टोबर १९८९ मध्ये ब्रिटनमधील व्याजदर १५ टक्क्यांवर गेला, त्याच वर्षअखेरीस जपानच्या शेअर बाजाराने कळस गाठला आणि तेथून तो घसरला. मोटार प्रत्यक्ष तयार होईपर्यंत गिऱ्हाइके अंग काढून घेऊ लागली. घोषित बारा सिलिंडरच्या इंजिनाऐवजी सहा सिलिंडरचे इंजिन आले, ही सबब त्यांना आयतीच मिळाली. प्रकरण न्यायालयात गेले. ३५० मोटारींचा संकल्प तीनशेच्या आतच थांबला.

सट्टेबाजांचे हात पोळले तर इतरांनी हळहळण्याचे कारण नाही. ज्याचा पैसा, त्याची हौस. त्यात समाजाने नाक खुपसू नये, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु या हौशीला सरकारी सवलतीचा आधार आहे, हे कळले म्हणजे त्या युक्तिवादातील हवा निघून जाते. ब्रिटनचा कायदा पाहावा. तेथे भांडवली लाभकरासाठी प्रवासी मोटार ही करपात्र मालमत्ताच धरली जात नाही. यंत्र म्हणजे पन्नास वर्षांच्या आत झिजून जाणारी वस्तू, असे तो कायदा गृहीत धरतो. सर्वसाधारण मोटारीपुरते हे शहाणपणाचेच आहे. तिच्या विक्रीत मालकाला तोटाच होतो. लाभावर कर बसवावा तर तोट्याची वजावटही द्यावी लागेल. मात्र जी मोटार झिजू नये म्हणूनच कुलपात ठेवली आणि झिजली नाही म्हणूनच अनेक पटींनी विकली, तिलाही ‘झिजणारी वस्तू’ म्हणून करमाफी मिळते. व्यापारी म्हणून मोटारी घेणाऱ्या-विकणाऱ्याला प्राप्तिकर द्यावा लागतो. हौशी मालक मात्र मोकळा सुटतो. कायदा ज्या गृहीतावर उभा आहे नेमके त्याच्या उलट वागून कायद्याचाच लाभ घ्यावयाचा, असा हा प्रकार आहे. पगारदाराच्या उत्पन्नाला अशी पळवाट नसते.

शिवाय मोटार तरी खरोखर जपली जाते काय? यंत्र हे काही सोने नव्हे. टायरचे रबर उभ्या उभ्या कडक होते, तेलाची सीले सुकतात, टाकीतले पेट्रोल खराब होते. एफ-४० च्या रबरी इंधनपिशव्या मोटार धावो वा न धावो, ठराविक वर्षांनी बदलाव्याच लागतात. म्हणजे मीटरवरचा आकडा तेवढा तरुण राहतो. यंत्र म्हातारेच होते. आणि एका आकड्यावर लाखो डॉलर अवलंबून राहिले की तो आकडा मागे फिरवण्याचा मोहही बळावतो. अमेरिकेने १९७२ मध्येच मीटरमधील फेरफाराविरुद्ध केंद्रीय कायदा केला, तो साध्या जुन्या मोटारींच्या गिऱ्हाइकाला वाचवण्यासाठी. आता तो मोह कितीतरी पटींनी मोठा झाला आहे.

एखादी मोटार जशी कारखान्यातून निघाली तशी जतन व्हावी, हे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे, यात वाद नाही. त्यासाठी संग्रहालये आहेत, आणि तेथे ती कोणालाही पाहता येते. बंद गुदामातील मोटार संग्रहालयाचे काम करीत नाही आणि रस्त्याचेही करीत नाही. उलट ब्रिटिश नट रोवन ॲटकिन्सन यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी आपली मॅक्लारेन एफ-१ सुमारे ४१ हजार मैल चालवली, दोनदा अपघातात सापडवली. दुसऱ्या दुरुस्तीपोटी विमा कंपनीला नऊ लाख पौंडांहून अधिक मोजावे लागले. तरीही २०१५ मध्ये ती ८० लाख पौंडांना विकली गेल्याचे प्रसिद्ध झाले. वापराने मोल संपते हा समज निदान येथे तरी खोटा ठरला.

या पेचातून वाट काढणे अवघड नाही, आणि त्यासाठी फार दूर पाहावयासही नको. भारताच्या आयकर कायद्याने वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली लाभकरातून वगळल्या. परंतु दागिने, आणि पुढे चित्रे व शिल्पे, यांना ती सवलत नाकारली. घरात असले तरी ते संपत्तीचे साठे आहेत, हे कायद्याने ओळखले. ब्रिटनला हाच विवेक मोटारीबाबत दाखवता येईल. सामान्य मोटारीची माफी कायम ठेवावी. विक्रीत मोठा लाभ झाला तर देखभालीचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर कर घ्यावा. जो मोटार चालवतो त्याचा देखभालखर्च मोठा, म्हणून त्याचा कर कमी. जो केवळ कुलूप लावतो त्याचा अधिक. भारतातही अशा मोटारी वाढत आहेत. तेव्हा हा प्रश्न येथेही आज ना उद्या येणारच.

मोटार ही धावण्यासाठी असते. संपत्ती साठवण्यासाठी तिचा उपयोग करावयाचा असेल तर कोणी आडकाठी करू नये. मात्र संपत्तीचा मान आणि यंत्राची करमाफी, ही दोन्ही एकाच वेळी पदरात पाडून घेण्याचा हक्क कोणालाही नाही.