चाल कुणाची?

अर्जेंटिनातील ला प्लाटा नगरात १९६० साली जन्मलेले संगीतरचनाकार ओस्वाल्दो गोलिहोव यांचे नाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानांवरून गेले असेल. घराणे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे, आई पियानोवादक. घरात प्रार्थनामंदिरातील स्वर आणि लग्नकार्यांत वाजणारे क्लेझ्मर संगीत, बाहेर पियाझोला यांचा नवा टँगो. पुढे जेरुसलेम आणि अमेरिका येथे शिक्षण झालेल्या या गृहस्थांनी आपल्या संगीतात या साऱ्यांना एकाच पंक्तीस बसविले. पंक्तिभेद आपल्याकडच्या मैफलींतही काही कमी नाही. म्हणून आम्हांस याचे कौतुक अधिक.

त्यांची २००४ सालची 'आयरे' ही गीतमाला अवश्य ऐकावी. ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू जेथे एकत्र (अर्थात् भांडतही) नांदले, त्या जुन्या दक्षिण स्पेनची ती स्मृती आहे. लादिनो ही हद्दपार ज्यूंनी उराशी जपलेली स्पॅनिश. तिच्यातील गाणी, अरब ख्रिस्त्यांचे भक्तिगीत, पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांचे शब्द, आणि भोवती वाद्यांच्या जोडीला संगणकातून उमटणारे ध्वनी. यंत्र आले की रस आटतो, हा आमचा जुना ग्रह डॉन अपशॉ यांचे गायन ऐकताना बराचसा गळून पडला.

स्पेनने ज्यूंना हाकलले ते १४९२ हे साल गोमंतकीयाला परके नाही. त्या लोंढ्यात पोर्तुगालात शिरलेल्या एका कुटुंबाचा पुत्र, वैद्य गार्सिया द ओर्ता, १५३४ साली गोव्यास पोचला. औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली येथेच छापला गेला. आणि १५८० साली, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. माणसे अशी जाळली गेली, तरी गाणी ओठांवरून ओठांवर जात तगली. ती कुणाची, हे विचारणे म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

आमच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असे. कानडी पदाची असो, लावणीची असो, ठुमरीची असो. चाल उसनी आहे हे सांगण्यात किर्लोस्करांना कमीपणा वाटला नाही, आणि त्यामुळे त्यांचे नाटक उणे झाले नाही.

गोलिहोव यांचे पाऊल येथेच अडखळले. पस्तीस वाद्यवृंदांनी मिळून त्यांच्याकडून 'सिडेरियस' ही रचना करून घेतली. २०१२ साली अमेरिकेतील युजीन येथे ती ऐकताना एका टीकाकाराच्या आणि एका वादकाच्या ध्यानात आले की, तिचा बराचसा भाग अ‍ॅकॉर्डियनवादक मायकेल वॉर्ड-बर्गमन यांच्या रचनेशी जुळतो. दोघे स्नेही, देवघेव संमतीची, चोरी नव्हेच, असा खुलासा झाला. तो आम्ही मान्य करतो. परंतु संमतीने मित्राचे ऋण फिटते. रचना संपूर्ण नवी समजून पैसे मोजणाऱ्या वाद्यवृंदाचे आणि श्रोत्याचे फिटत नाही. शतकानुशतकांची अनाम लोकगीते घेणे वेगळे, आणि हयात माणसाची पाने घेऊन कर्ता म्हणून एकट्याचे नाव मिरविणे वेगळे. ज्यांच्या पूर्वजांची नावेच पुसण्याचा उद्योग राजसत्तांनी केला, त्यांच्यातील गुणवंताकडून हे व्हावे, याची खंत वाटते.

आणि 'आयरे'च्या ध्वनिमुद्रणात अ‍ॅकॉर्डियन वाजविणारे हेच वॉर्ड-बर्गमन आहेत. तेथे वादकांच्या यादीत त्यांचे नाव आहे.