होईल सेट!

मराठी माणसाला गप्प बसवायला फार भांडवल लागत नाही. दोन शब्द पुरतात. ‘होईल सेट!’ नवी चप्पल टाच सोलून काढते, दुकानदार म्हणतो, ‘दोन दिवस घाला, होईल सेट.’ पॅन्ट कमरेला आवळते, शिंपी म्हणतो, ‘एकदा धुतली की होईल सेट.’ नव्या जावयाबद्दल सासरेही एकमेकांना हाच धीर देतात. आता चप्पल, पॅन्ट आणि जावई यांच्यापायी कुणाचा जीव जात नाही (तिसऱ्याबद्दल मतभेद असतील), म्हणून मी आजवर काही बोललो नाही. पण हेच दोन शब्द मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकला लावलेले ऐकले, आणि बँकेतल्या एका साध्या कारकुनाला लेखणी उचलावी लागली.

हकिगत साधी आहे. माझ्या शंभर सीसीच्या मोटारसायकलची पुढची रिम एका खड्ड्याने वाकवली. गॅरेजमध्ये नवं व्हील बसवलं. गाडी घेऊन निघालो तर पुढून खर्रखर्र आवाज, ब्रेक दाबला तर गाडी थांबण्याचा नुसता विचार करते आणि दोन किलोमीटरवर ड्रम असा तापलेला, की वर पापड भाजावा. तसाच परत गेलो. मिस्त्री शांतपणे म्हणाला, ‘साहेब, नवीन व्हील आहे. शंभर किलोमीटर चालवा, होईल सेट.’

‘आणि तोवर थांबायचं कसं?’

‘मागचा आहे ना!’

वाचकहो, माझं भांडण त्या मिस्त्रीशी नाही. ‘मागचा आहे ना’ हे आपल्या अख्ख्या समाजाचं वाहनविषयक तत्त्वज्ञान आहे, त्याच्याशी आहे. सायकल शिकवतानाच आपल्याला बजावतात, ‘पुढच्याला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील.’ ते मूल मोठं होतं, नोकरीला लागतं, कर्ज काढून मोटारसायकल घेतं आणि पुढचा ब्रेक शोकेसमधल्या कपबशीसारखा जपून ठेवतं. वास्तविक ब्रेक लावला की गाडीचा आणि स्वाराचा भार पुढे झुकतो. मागचं चाक हलकं होतं, पुढचं रस्त्याला घट्ट धरतं. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं अर्ध्याहून अधिक काम पुढचाच ब्रेक करतो. वाळूवर किंवा वळणावर तो एकदम करकचून दाबला तर माणूस पडतो, हे खरं. पण गरम चहाने जीभ भाजते म्हणून कुणी चहा सोडलेला नाही, फुंकून पितात. जो ब्रेक वापरायचाच नाही, तो बिघडला तर कुणाचं काय बिघडलं? गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून मिस्त्री बघत नाही.

शिवाय हे तत्त्वज्ञान आता कायद्यानेही मोडीत निघालं आहे. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. आम्हा बँकवाल्यांना सीबीएस म्हटलं की ‘सिस्टिम डाऊन आहे, उद्या या’ एवढंच आठवतं. मोटारसायकलीतलं सीबीएस निराळं. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे ‘मी पुढच्याला हात लावत नाही’ म्हणणारा सोवळा माणूस पायाने पुढचाच ब्रेक लावत असतो!

आता न्यायाने बोलायचं तर ‘होईल सेट’मध्ये थोडं तथ्य आहे. जुने ब्रेक शू जुन्या ड्रमच्या आकाराला घासलेले असतात. नव्या व्हीलबरोबर नवा ड्रम आला की ते सुरुवातीला पूर्ण टेकत नाहीत. ब्रेक थोडा मऊ लागतो, आणि संथ चालवून हलके हलके ब्रेक लावत गेलं की सुधारतो. हे सेट होणं. पण चुकीचं बसलेलं चालवून बरोबर बसत नाही. ते फक्त जास्त चुकतं.

माझ्या गाडीत एक्सलचा नट नुसता आवळून टाकला होता. ब्रेक प्लेट मध्यावर नव्हती, एक शू सतत घासत होता आणि दुसरा सुट्टीवर होता. उपाय काय? नट जरा सैल करायचा, चाक फिरवून ब्रेक दाबून धरायचा म्हणजे दोन्ही शू मध्यावर येतात, आणि तसाच धरून नट आवळायचा. मग केबलचा ढिलेपणा जुळवायचा. सगळं मिळून पाच मिनिटं. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात न अडकवणं. मग ब्रेक लावताच प्लेटच चाकाबरोबर फिरू पाहते, केबल तोडते, चाक जागीच अडकू शकतं. हे सेट होईपर्यंत स्वार कायमचा सेट होतो.

डिस्कवाल्यांनी हसू नये. एक्सलवरची कॉलर या बाजूची त्या बाजूला गेली की चाक सरकतं आणि डिस्क घासते. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो पुसला नाही तर पॅड तेल पितात आणि पकडत नाहीत. आणि चाक बसवताना पिस्टन आत ढकलले जातात, त्यामुळे पहिल्यांदा दाबल्यावर लिव्हर रिकामीच मुठीपर्यंत येते. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी ती चार-पाच वेळा दाबून कडक करायची. तरीही स्पंजासारखी लागली तर आत हवा आहे. ती हवा मिस्त्रीच्या आश्वासनाने बाहेर पडत नाही.

मिस्त्रीची बाजूही मला कळते. दिवसाला वीस गाड्या, डोक्यावर ऊन आणि समोर ‘लवकर करा हो, ऑफिस आहे’ म्हणणारे आपण. पण आमच्या बँकेतही रांग असते. तरी शंभर रुपयांची नोंदसुद्धा एक जण करतो आणि दुसरा तपासतो. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर ‘उद्या होतील सेट’ म्हणून कॅशियर घरी जात नाही. आणि इथे ज्या चाकावर आपली मुलं कॉलेजला जातात, ते बसवणाराही तोच, तपासणाराही तोच आणि ‘ओके’ म्हणणाराही तोच!

तेव्हा माझी मागणी एवढीच. तपासणारे दुसरे आपण व्हावं. पैसे देण्यापूर्वी गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून हाताने फिरवावं. ते मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक दाबताच थांबलं पाहिजे. सोडताच पुन्हा मोकळं झालं पाहिजे. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून पुढचा ब्रेक लावून पाहावा. एवढं झालं की पैसे मोजावेत, वर चहाचे पाच-दहा रुपये आनंदाने द्यावेत.

आणि कुणी ‘होईल सेट’ म्हणालाच, तर त्याला आमच्या खात्यातला पहिला धडा ऐकवावा. ब्रेक ही मुदत ठेव नव्हे, शंभर किलोमीटरनंतर व्याजासकट मिळेल म्हणायला. ती मागणी ठेव आहे. मागितली त्या क्षणी हातात पडली पाहिजे, पूर्ण.