हर्सूलचं पाणी आणि हक्काची सुट्टी

आमच्या शहराची वाळूजची औद्योगिक वसाहत असो की चिकलठाण्याची, सुट्टीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “काम करून कुणी मरत नाही.” मरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

दुसरा आक्षेप असा, की निसर्गबिसर्ग हे पैसेवाल्यांचे चोचले. त्यासाठी महाबळेश्वर कशाला हवं? खाम नदीवरचा हर्सूलचा तलाव शहराला लागूनच आहे. जळगाव रस्त्याची वर्दळ मागे टाकून काठाशी बसावं. काळापांढरा खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, सूर मारतो, रिकाम्या चोचीने वर येतो आणि पुन्हा थांबतो. बघता बघता आपले आवळलेले खांदे सैल पडतात. ही कविकल्पना नव्हे. संशोधक रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, समोर नुसती भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना जहाल वेदनाशामकंही कमी लागली.

पण हेच ऐकून काही व्यवस्थापक खूश होतात आणि ताण आला तर सकाळी फिरायला जा, असा सल्ला देऊन मोकळे होतात. मला खरा राग या सल्ल्याचा आहे. रात्रपाळी करून आलेल्या, दुपारी पत्र्याच्या खोलीत डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाला तळं दाखवून काय होणार? त्याला आधी झोप हवी. कामाच्या ताणातून येणारी ही पार गळून गेल्याची अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांत न धरता कामाशी निगडित बाब म्हणून नोंदवली. म्हणजे दुरुस्ती कामाच्या जागीच व्हायला हवी.

रविवारची सुट्टीही कुणी खुशीने दिलेली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं झगडा केला, तेव्हा १० जून १८९० ला ती पदरात पडली. आज त्याच रविवारी सुपरवायझरचा फोन वाजतो : “अर्ध्या दिवसासाठी येऊन जा.” त्याला नाही म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या महिन्याच्या कामगारांच्या यादीतून गळणार नाही, एवढी हमी कंपन्यांनी लेखी द्यावी. मग हर्सूलची वाट कामगाराला कुणी दाखवायची गरज उरणार नाही.