बोअरचं पाणी आणि फर्स्ट इयरची ब्युरेट

"बोअरचं पाणी लई जड आहे" हे वाक्य सोलापुरात ज्याने ऐकलं नाही असा माणूस विरळाच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पण जड म्हणजे नक्की किती, असं विचारलं तर आपण इंजिनिअरिंगवालेसुद्धा गप्प!

कारण आपल्या पायाखालीच आहे. आपलं शहर काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलंय. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शिअम, मॅग्नेशिअम विरघळवत खाली जातं. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो, सल्फेट-क्लोराइडचा जात नाही. परीक्षेसाठी पाठ केलेला टेम्पररी आणि पर्मनंट हार्डनेस तो हाच.

आपल्याला आकडा माहीत नसतो, म्हणूनच विक्रेत्याचं फावतं. तो पाण्यात मीटर बुडवतो, "बघा टीडीएस किती!" म्हणतो आणि आर.ओ. मशीन गळ्यात मारतो. पण ते मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतं. क्षार कॅल्शिअमचे की सोडिअमचे, पाण्यात जंतू आहेत की नाहीत, यातलं काहीच ते सांगत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मि.ग्रॅ.पर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आणि घरचं साधं आर.ओ. एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. ज्या गावाने वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड येणारं उजनीचं पाणी घागरी-पिंपात साठवलं, तिथे ही चैन विचार करूनच करायला हवी.

मित्रांनो, खरं उत्तर आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये आहे. ५० मि.ली. पाणी, थोडं बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. वाईन रेडचा निळा रंग होईपर्यंत १० मि.ली. लागले तर जडपणा २००, ३० लागले तर ६००. इतकं सोपं! पण आपण करतो काय? लॅबमध्ये बनवून ठेवलेलं सॅम्पल घेतो, शेजाऱ्याचं रीडिंग बघतो, जर्नलवर सही घेतो. संपलं प्रॅक्टिकल!

त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या घरच्या बोअरची बाटली आणावी. जुळे सोलापूर, होटगी रोड, विडी घरकुल, हिप्परगा, अक्कलकोट रोडची एमआयडीसी... एका बॅचमध्ये निम्मं शहर येईल. ते आकडे नकाशावर मांडून नोटीस बोर्डावर लावावेत आणि दर उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावेत. गृहिणीला कळेल, नुसतं उकळून भागतंय का. चादरी-टॉवेलचं सूत रंगवणाऱ्यालाही हा आकडा लागतोच, कारण जड पाण्यात रंग एकसारखा बसत नाही. जंतूंची आणि नायट्रेटची तपासणी अर्थातच वेगळी करावी लागेल.

जर्नल वर्षाअखेर रद्दीत जातं. हा नकाशा मात्र गावाच्या कामी येईल. बघा पटतंय का!