गोलीची दुसरी फायनल

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शालेय फुटबॉल सामन्यात या आठवड्यात जे घडलं त्यात नवं काहीच नव्हतं, म्हणूनच ते डोक्यात गेलं. शेवटच्या मिनिटाला उंचावरून आलेला चेंडू गोलीच्या हातांतून निसटला आणि सामना एका गोलाने गेला. शिट्टी वाजते न वाजते तोच सरांनी त्या पोराला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. आघाडीच्या पोरांनी मोकळ्या गोलासमोरून चेंडू बाहेर मारले होते, त्याचा हिशेब कुणी मागितला नाही. पुढच्या सामन्याला गोलात दुसराच उभा होता.

या सदराचं जुनं दुखणं वाचकांना पाठ आहे. आपल्याकडे गोली निवडला जात नाही, तो उरतो. दहा जण ठरले की ज्याला दम लागतो, जो सगळ्यांत जाड किंवा सगळ्यांत गरीब स्वभावाचा, तो दोन खांबांमध्ये जातो. १९९२ साली नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू तेव्हापासून गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, म्हणजे त्याला पायही बाकीच्यांइतकेच चांगले लागतात. तीस वर्षं उलटून गेली, पण सुरत-भुसावळ लायनीवरची एकही गाडी ही बातमी घेऊन आलेली दिसत नाही.

अशा सगळ्या सरांनी लक्ष्मीकांत कट्टीमणी हे नाव वहीत लिहून ठेवावं.

२० डिसेंबर २०१५. मडगावचं फातोर्डा मैदान, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, आणि ती एफसी गोवाच्या घरच्या मैदानावर. गोव्याच्या बाकावर प्रशिक्षक झिको, समोर चेन्नईयिनचा मार्को मातेराझी. गोव्याच्या गोलात गोव्याचाच कट्टीमणी, वय २६. दुसऱ्या सत्रात चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली. कट्टीमणीने ती अडवली, पण परतलेला चेंडू ब्रुनो पेलिसारीने जाळ्यात मारला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला पुढे नेलं आणि फातोर्डावर फटाके वाजायचेच बाकी राहिले. मग ९०वं मिनिट. गोलासमोरच्या गर्दीत चेंडू गोव्याच्या जाळ्यात गेला आणि नोंद झाली ती ‘कट्टीमणी, स्वयंगोल’ अशी. हा धक्का पचायच्या आत, भरपाईच्या वेळात स्टिव्हन मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नईयिन ३, गोवा २.

त्याच सामन्यात त्याने पेनल्टी अडवली होती, हे आज किती जणांना आठवतं? गोलरक्षकाच्या धंद्याचा हाच जाच आहे. अडवलेलं खातं रोज रात्री पुसलं जातं, सुटलेलं मात्र चक्रवाढ व्याजाने वाढत राहतं. आघाडीवाल्याचं नेमकं उलट. त्याने नव्वद मिनिटं माती खाल्ली आणि ९१व्या मिनिटाला चेंडू गुडघ्याला लागून आत गेला, की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्याचाच.

आता दुसरी तारीख. २० मार्च २०२२, म्हणजे बरोबर सहा वर्षं तीन महिन्यांनी. लीग तीच, मैदान तेच, अंतिम सामनाच. कट्टीमणी आता हैदराबाद एफसीचा, वय ३२, तेहतिशीला टेकलेला. समोर केरळ ब्लास्टर्स, आणि कोविडनंतर मैदान खुलं झाल्यामुळे केरळच्या पिवळ्या जर्सी घालून लोटलेला जमाव. ६९व्या मिनिटाला राहुल के. पी.ने बाहेरून फटका मारला. कट्टीमणीचे हात चेंडूपर्यंत पोहोचले, तरी चेंडू आत गेलाच. वीस मिनिटं तो माणूस गोलात उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात २०१५ आलं नसेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने कधी गोलात उभं राहून पाहिलेलं नाही. ८८व्या मिनिटाला साहिल तावोरा या दुसऱ्या गोवेकराने बरोबरी केली आणि प्रकरण पेनल्टींवर गेलं.

पहिला आला मार्को लेस्कोविच. अडवला. दुसरा निशू कुमार. अडवला, पण पंचांनी पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली. गोलीचा संयम सुटायला एवढं पुरे असतं. कट्टीमणीने निशू कुमारला पुन्हा अडवलं. तिसरी गेली. चौथा जीकसन सिंग, तोही अडवला. चारपैकी तीन, हैदराबाद ३-१. हैदराबादच्या सिवेरियोनेही एक पेनल्टी वर उडवली होती, पण त्या रात्री तिची आठवण काढायची वेळच आली नाही.

दोन्ही रात्री माणूस एकच, हातही तेच. बदललं काय? पहिल्या फायनलनंतर त्याला कुणी कायमचं बाहेर काढलं नाही, एवढंच. तो पुढेही गोव्याकडे राहिला, बाकावर बसला, पुन्हा उभा राहिला, २०१९ मध्ये हैदराबादला गेला. दुसरी फायनल मिळाली म्हणून पहिलीचा अर्थ बदलला.

ती सगळ्यांना मिळत नाही. ब्राझीलच्या मोआसिर बार्बोझाला मिळाली नाही. १६ जुलै १९५० ला माराकानावर विश्वचषकाच्या निर्णायक लढतीत उरुग्वेच्या घिज्जाचा चेंडू त्याच्या जवळच्या खांबाशेजारून आत गेला. त्यानंतर ब्राझीलने त्याला राष्ट्रीय संघात जेमतेम एकदा खेळवलं. १९९३ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी, म्हातारा बार्बोझा राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात पोरांना भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला परत पाठवलं. २००० साली तो गेला. ब्राझीलसारख्या देशाची ही तऱ्हा, तर आपल्या सरांना किती बोल लावायचा? पण लावायचाच.

२०२२ हे वर्ष गोव्याच्या गोलरक्षकांचंच निघालं. फातोर्डाच्या त्या फायनलच्या दोनच महिने आधी, प्रजासत्ताक दिनाच्या यादीत ब्रह्मानंद संखवाळकर यांचं नाव पद्मश्रीसाठी आलं. संखवाळकर म्हणजे साळगावकरांच्या गोलातली वर्षानुवर्षांची भिंत, १९८३ ते ८६ भारताचे कर्णधार. १९८४ ची संतोष ट्रॉफी गोव्याने कानपूरला पंजाबला हरवून जिंकली, तीही स्पर्धेत एकही गोल न खाता, आणि कर्णधार तेच. अशा माणसाला अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ चा, वयाच्या ४३ व्या वर्षी, आणि पद्मश्री ६७ व्या. आघाडीवर खेळणाऱ्या चुनी गोस्वामींना अर्जुन १९६३ मध्येच मिळाला, पाय चालते असताना. पुरस्काराच्या समितीवर कधी गोलरक्षक बसत नसावा, असा या सदराचा फार दिवसांपासूनचा संशय आहे. पुरावा काही नाही. गोलरक्षक पीटर थंगराज यांना १९६७ मध्ये अर्जुन मिळाला होता, हे कुणीतरी पत्र पाठवून सांगेलच. एक थंगराज म्हणजे धोरण नव्हे.

कट्टीमणीच्या हैदराबादचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंधही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि लीगमधल्या त्याच्या जागेवर हैदराबाद एफसी उभा राहिला. तीन वर्षांत त्यांनी चषक उचलला, त्यानंतर दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये क्लबच दिल्लीला हलला. त्याच वर्षी जुलैत संपूर्ण लीगच थांबवून ठेवायची पाळी आली होती. गोलरक्षकाची कारकीर्द पस्तिशी-चाळिशीपर्यंत चालते म्हणतात. दिनो झोफने १९८२ चा विश्वचषक चाळिशीत कर्णधार म्हणून उचलला, जानलुइजी बुफॉन ४५ व्या वर्षी थांबला. पण त्यासाठी गोलीआधी क्लब जागेवर राहावा लागतो.

आता कुणी म्हणेल, नंदुरबारात बसून झोफ-बुफॉनच्या गोष्टी कशाला? कशाला म्हणजे, गोलरक्षक घडायला जे लागतं त्यातलं एक इथे आधीच आहे. गोली उशिरा पिकतो. एमिलियानो मार्टिनेझ आर्सेनलमध्ये दहा वर्षं होता, त्यातली बरीच दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला. अर्जेंटिनाकडून तो पहिल्यांदा खेळला २०२१ मध्ये, २८ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम लढतीत शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका त्याने डाव्या पायाने अडवला. तो पाय मध्ये आला नसता, तर डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर सत्काराला आलेला मेस्सी विश्वविजेता म्हणून आला नसता. मेस्सीने गॅलरीत चेंडू मारले, लोक वेडे झाले. मार्टिनेझ २०२३ मध्ये कोलकात्याला येऊन गेला, पण त्याला महाराष्ट्रात बोलवावं असं कुणाला वाटलं नाही. असो.

मुद्दा वेळेचा आहे. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, पोरं बरोबर जातात आणि सराव तिथेच तुटतो. स्ट्रायकर तरी शेताच्या बांधावर चेंडू बडवत राहील. गोलीला मात्र समोर फटके मारणारा कुणीतरी लागतो, उंच चेंडूला कधी पुढे यायचं आणि कधी रेषेवर थांबायचं हे सांगणारा एकच डोळा वर्षानुवर्षं लागतो. ते शक्य असलेली जागा म्हणजे निवासी आश्रमशाळा. नंदुरबार आणि तळोदा अशी आदिवासी विकासाची दोन प्रकल्प कार्यालयं या एकाच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या शाळांतून एकच मूल वर्षानुवर्षं एका आवारात राहतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात वाढलेल्या पोरांचे पाय आणि झेप पाहिलेल्या माणसाला यावर आणखी व्याख्यान नको.

नाही ती दुसरी गोष्ट, म्हणजे हातमोजे. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाला मोजे न देता उभं करायची कुणाची छाती नाही. फुटबॉलच्या गोलीला मुरमाच्या मैदानावर उघड्या हातांनी आणि उघड्या कोपरांनी झेप घ्यायला सांगतात, आणि तो कचरला की ‘घाबरतो रे’ म्हणतात. दोनदा कोपर सोलवटलं की कुठलंही शहाणं पोर झेप घेणं सोडून देतं आणि चेंडू पायाने अडवायला लागतं. मग तोच चेंडू शेवटच्या मिनिटाला निसटतो. मोजे, कोपरपट्ट्या आणि गोलासमोर टाकायला चार ट्रॉल्या वाळू. जिल्हा स्पर्धेच्या मंडपावर आणि पाहुण्यांच्या शालींवर जेवढा खर्च होतो, त्यात हे बसतं की नाही हे क्रीडाशिक्षकांनी स्वतःच मांडून पाहावं.

सुब्रतो मुखर्जी चषकाच्या निवडीचा रस्ता जिल्ह्यावरून नाशिक विभागाकडे आणि तिथून राज्याकडे जातो. त्या रस्त्याने नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव किंवा नंदुरबार तालुक्यातला एखादा गोली पुढे गेला असेल, जिल्ह्याबाहेर चार हंगाम टिकला असेल, तर वाचकांनी जरूर कळवावं. मुलगी असेल तर आधी कळवावं. पुढच्या आठवड्याची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.